दगड वाचणारे पाळकसाहेब



लांजीच्या आमच्या लहानशा मंडळीत शब्बाथ शाळा आम्ही नवराबायको मिळून घेतो. मुले आठ-दहा असतात. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या घरी पोवारी आणि शाळा सगळ्यांची हिंदीतून, त्यामुळे आमचा वर्गही तिन्ही भाषांत चालतो. गेल्या जानेवारीत उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाचा पाठ होता. फळ्यावर सहा चौकोन काढून आम्ही मुलांकडून प्रकाश, आकाश, झाडे, मासे भरून घेत होतो. तेवढ्यात मागच्या सतरंजीवर बसलेल्या एका मुलाने हात वर केला. तो अकरावीत आहे. नुकताच शाळेच्या सहलीतून दिंडोरी जिल्ह्यातल्या घुघवाचे जीवाश्म उद्यान पाहून आला होता. तिथे ताडाची खोडे दगड होऊन पडलेली त्याने पाहिली होती.

तो म्हणाला, "काकू, तिथे सांगितलं की ती झाडं साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची आहेत. मग हे सहा दिवस कसे? दोन्हींपैकी खोटं काय?"

आम्ही काय उत्तर दिले ते लिहायला लाज वाटते, पण साक्ष द्यायची तर खरी द्यावी. आम्ही म्हणालो, "पवित्र शास्त्रावर शंका घ्यायची नसते. असले विचार सैतान मनात घालतो." वर्ग एकदम शांत झाला. मुलाने हात खाली घेतला आणि आम्ही सहावा चौकोन पूर्ण केला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्यानंतरच्याही नाही. त्याच्या आईने विचारल्यावर सांगितले, "अभ्यास फार आहे त्याला." तिला कारण ठाऊक नव्हते. आम्हाला होते. तरीही पाच महिने आम्ही त्याच्या दारात गेलो नाही. त्याच्यासाठी प्रार्थना मात्र रोज केली, की देवा, त्याला सुबुद्धी दे. सुबुद्धी कोणाला हवी होती, हे देवाला माहीत होते.

जून महिन्यात पुतणीच्या प्रवेशाच्या कामासाठी नागपूरला जाणे झाले. लांजीहून बसने आमगाव, तिथून रेल्वे. सिव्हिल लाइन्समधल्या हिस्लॉप कॉलेजात तिचे कागद द्यायचे होते. रांग मोठी होती, म्हणून आम्ही सावलीला बसलो. पुतणीने सहज विचारले, "हे हिस्लॉप म्हणजे कोण हो?" आम्ही म्हणालो, "असतील कोणी मिशनरी साहेब." लहानपणापासून हे नाव आमच्या तोंडात आहे. आमच्या नात्यातली तीन माणसे या कॉलेजातून शिकून गेली. पण तो माणूस कोण, हे आम्ही कधी विचारले नव्हते. त्या दिवसापासून विचारायला लागलो, वाचायला लागलो, आणि वाचता वाचता आमच्या लक्षात आले की ज्या प्रश्नाला आम्ही सैतानाचा म्हटले, तो प्रश्न हातात घेऊन एक पाळकसाहेब नागपूरच्या माळावर वर्षानुवर्षे फिरले होते.

रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म १८१७ साली स्कॉटलंडमधल्या डन्स या गावी झाला. १८४३ मध्ये स्कॉटलंडची मंडळी दुभंगली आणि फ्री चर्च वेगळे झाले. हिस्लॉप त्या फ्री चर्चचे. पुढच्याच वर्षी ते पत्नीसह हिंदुस्थानला निघाले आणि १८४५ च्या सुरुवातीला नागपुरात पोहोचले. तेव्हा नागपुरात भोसल्यांची गादी होती. इंग्रजांनी राज्य खालसा केले ते त्यानंतर, १८५४ मध्ये. हिस्लॉप मराठी शिकले आणि १८४६ मध्ये त्यांनी शाळा सुरू केली. त्या शाळेच्या कामातूनच पुढे १८८३ मध्ये त्यांच्या नावाचे कॉलेज उभे राहिले. १८४७ मध्ये रेव्हरंड रॉबर्ट हंटर त्यांच्या जोडीला आले. पावसाळ्यात शाळा आणि थंडीत गावोगाव फिरून सुवार्ता सांगणे, असा त्यांचा क्रम असे.

या फिरण्यात दोघेही खाली बघत चालत. आम्ही खेडोपाडी सभेला जातो तेव्हा रस्त्यातला दगड फक्त ठेच लागली तरच दिसतो. हे दोघे वाकून तो उचलत, फोडत, आत काय आहे ते बघत. नागपूरच्या वायव्येला टाकळीचा माळ आहे, आता तो शहरातच आला. तिथे १८५१ च्या सुमारास त्यांना मातीच्या दगडात लहान लहान शिंपले सापडले. शिंपले समुद्रातले नव्हते, गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे होते. आपल्या तळ्याच्या काठी, धानाच्या बांधीत दिसतात ना, तशाच. पण त्या थराच्या वरही काळा कातळ आणि खालीही काळा कातळ.

हा काळा कातळ म्हणजे जमिनीच्या भेगांतून वर आलेला लाव्हा. तो एकदाच आला नाही. एक लोट येई, पसरे, थंड होई आणि मग पुष्कळ काळ सगळे शांत असे. त्या शांततेत पाऊस पडे, खोलगट जागी तळी साचत, काठावर झाडे वाढत, पाण्यात मासे आणि गोगलगाई होत. त्या मरत, गाळात दबत. मग पुन्हा लाव्हा येई आणि ते तळे झाकून टाकी. दोन कातळांच्या मधला हा गाळाचा पातळ थर हिस्लॉप आणि हंटर यांनी टाकळीला पाहिला, सीताबर्डीच्या टेकडीतही पाहिला. सीताबर्डीवरून आपण किती वेळा गेलो असू! त्या टेकडीच्या पोटात एक जुने तळे बंद होऊन राहिले आहे.

१८५५ मध्ये त्यांचा नागपूर परिसराच्या भूगर्भावरचा लेख लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. कामठी आणि सिलेवाडा इथल्या वाळूच्या दगडांत त्यांना जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे मिळाले. ती झाडे तर लाव्ह्याच्याही फार फार आधीची. चंद्रपूरकडच्या मांगली गावातून एका जुन्या, चपट्या डोक्याच्या उभयचर प्राण्याची कवटी मिळाली, तिला लंडनच्या रिचर्ड ओवेन यांनी नाव दिले. टाकळीच्या एका हिरव्या खनिजाला लोकांनी हिस्लॉपाइट म्हटले. गोड्या पाण्यातल्या एका अगदी बारीक जीवाच्या कुळाला १८५८ मध्ये हिस्लोपिया हे नाव मिळाले. जो माणूस येशूचे नाव गावोगाव पोहोचवायला आला होता, त्याचे स्वतःचे नाव असे तळ्यातल्या शेवाळासारख्या जीवाला चिकटून राहिले. मोठ्या स्मारकापेक्षा हे आम्हाला जास्त आवडले.

ही घुघवाची झाडे आणि टाकळीच्या गोगलगाई एकाच गोष्टीची दोन पाने आहेत. दोन्ही लाव्ह्याच्या लोटांमधल्या त्याच काळातल्या. आमच्या वर्गातल्या मुलाने जे पाहिले, तेच एका पाळकाने पावणेदोनशे वर्षांपूर्वी हातात घेतले होते. त्याने ते फेकून दिले नाही आणि बायबलही बाजूला ठेवले नाही. सकाळी शाळेत प्रार्थना आणि दुपारी माळावर हातोडा, दोन्ही चालू राहिले.

हिस्लॉप यात एकटे नव्हते. ज्या फ्री चर्चने त्यांना पाठवले, त्याचे पुढारी थॉमस चामर्स हे पृथ्वी फार जुनी आहे हे मानत आणि त्याने उत्पत्तीच्या पुस्तकाला धक्का लागत नाही असे शिकवत. त्याच मंडळीचे ह्यू मिलर आधी दगडफोडे होते. ते पुढे मंडळीच्या वर्तमानपत्राचे संपादक झाले आणि दगडातल्या माशांवर त्यांनी पुस्तके लिहिली.

त्याच्याही आधी इंग्लंडमध्ये असे पाळक होऊन गेले. त्यांतल्या एकाचे नावही स्टीफनच, स्टीफन हेल्स. लंडनजवळ थेम्सच्या काठी टेडिंग्टन नावाचे गाव होते. १७०९ पासून १७६१ मध्ये मरेपर्यंत, पन्नासहून अधिक वर्षे, ते त्या एकाच गावचे पाळक राहिले. द्राक्षाच्या वेलीत पाणी किती जोराने वर चढते, हे त्यांनी काचेच्या नळ्या लावून मोजले आणि १७२७ मध्ये त्यावर पुस्तक काढले. रक्ताला दाब असतो हे मोजून दाखवणारेही तेच पहिले. एका घोडीच्या धमनीला नळी जोडली तर रक्त हृदयापासून ८ फूट ३ इंच वर चढले. त्यासाठी जनावरांचे फार हाल झाले, ते वाचून मनाला बरे वाटत नाही, आणि त्या काळीही त्यांच्या ओळखीच्या काहींना ते आवडले नव्हते. पण त्यांच्या पुढच्या कामात आम्हाला पाळकाचे मन दिसले. कोंदट हवेत माणसे आजारी पडतात हे ओळखून त्यांनी जहाजांसाठी, इस्पितळांसाठी, तुरुंगांसाठी हवा खेळती ठेवणारी यंत्रे तयार केली. लंडनच्या न्यूगेट तुरुंगावर पवनचक्कीने चालणारे असे यंत्र बसले. आपल्या गावाला चांगले पाणी मिळावे म्हणूनही ते झटले. म्हणजे वेलीतले पाणी मोजणारा माणूस शेवटी कैद्याच्या श्वासापर्यंत पोहोचला.

हिस्लॉपही दगडापाशी थांबले नाहीत. हा भाग वाचताना आम्ही लांजीचे लोक जरा जास्तच सावरून बसलो. कारण त्यांचे कान गोंडांकडे लागले होते. आमच्या आजूबाजूला गोंड बंधूंची गावे आहेत, बाजाराच्या दिवशी त्यांच्या बोलीतले शब्द आमच्या कानावर पडतात, आणि इतक्या वर्षांत आम्ही त्यातले दहा शब्दही शिकलो नाही. हिस्लॉप यांनी गोंडांच्या साडेबारा जाती कोणत्या ते विचारून लिहून घेतले. वेगवेगळ्या आदिवासींचे शब्द शेजारी शेजारी मांडून ठेवले. परधान लोक गातात ते लिंगोचे मोठे गाणे त्यांनी गोंडी शब्दांसकट उतरवून घेतले. ते त्यांच्या काळाचे माणूस होते, त्यांची काही मते आज वाचली तर टोचतात. पण ज्यांच्या गाण्याकडे त्या वेळी कोणा साहेबाचे लक्ष नव्हते, त्यांच्यासमोर बसून त्यांनी ऐकले, एवढे खरे. दगड ऐकायला शिकलेला माणूस माणसालाही ऐकू लागतो, असे आम्हाला वाटते.

आता शेवट सांगतो. १८६३ चा भरपावसाळा. सर रिचर्ड टेंपल तेव्हा मध्य प्रांताचा कारभार पाहत होते. त्यांचा मुक्काम नागपूरच्या दक्षिणेला बोरी इथे होता. जवळच टाकळघाटला जमिनीवर मोठाल्या दगडांची वर्तुळे आहेत, फार जुन्या काळच्या लोकांनी आपल्या मृतांसाठी मांडलेली. ती पाहायला ४ सप्टेंबरला टेंपल आणि हिस्लॉप गेले. पाहणी झाली. टेंपल पुढे निघाले. हिस्लॉप मागे राहिले, कारण टाकळघाटच्या गावच्या शाळेतल्या मुलांची परीक्षा घ्यायची होती. ते आटोपून ते घोड्यावर एकटे निघाले तेव्हा अंधार पडला होता, आणि वाटेतला नाला पावसाने चढला होता. छावणीवर त्यांचा घोडा आला, स्वार आला नाही. लोक शोधायला धावले. हिस्लॉप नाल्यात बुडाले होते. चार दिवसांनी त्यांना ४६ वे वर्ष पूर्ण झाले असते.

गोंडांविषयीची त्यांची टिपणे तशीच पडून होती. ती टेंपल यांनी १८६६ मध्ये छापून काढली, म्हणून लिंगोचे गाणे राहिले. त्यानंतर एका वर्षाने, १८६७ मध्ये, भंडारा, मंडला आणि सिवनीचे भाग जोडून आमचा बालाघाट जिल्हा झाला.

नाल्याला पूर म्हणजे काय हे आम्हाला सांगावे लागत नाही. बाघ नदीच्या या बाजूला राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे की दुपारी घोट्याएवढे असलेले पाणी रात्री छातीवर येते. म्हणून हा प्रसंग वाचून आमच्या पोटात कालवले. पण जास्त लागले ते दुसरेच. राज्याचा मोठा अधिकारी पुढे निघून गेला होता. त्याच्याबरोबर गेले असते तर हिस्लॉप उजेडात सुखरूप पोहोचले असते. ते मागे राहिले गावातल्या पोरांसाठी. पोरांना प्रश्न विचारायला आणि त्यांची उत्तरे ऐकायला. आणि आम्ही? आमच्याकडे एक पोर स्वतःहून प्रश्न घेऊन आले होते, आणि आम्हाला चौकोन पूर्ण करण्याची घाई होती.

ईयोबाच्या पुस्तकात १२ व्या अध्यायात ईयोब आपल्या मित्रांना काय सांगतो ते आठवा. ते मित्र देवाच्या बाजूने फार बोलत होते, प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे तयार उत्तर होते. ईयोब त्यांना म्हणतो की पशूंना विचारा, पाखरांना विचारा, भूमीशी बोला, ती तुम्हाला शिकवील. आणि पुस्तकाच्या शेवटी देव कोणावर रागावतो? प्रश्न विचारणाऱ्या ईयोबावर नाही, तर तयार उत्तरे देणाऱ्या त्या मित्रांवर. इतकी वर्षे हे पुस्तक वाचून आम्ही स्वतःला ईयोबाच्या जागी धरत होतो. या वेळी कळले की आमची जागा त्या मित्रांच्या ओळीत आहे.

प्रभू येशूने सर्वांत मोठी आज्ञा सांगितली, त्यात अंतःकरण आणि जीव यांबरोबर बुद्धीही आहे. बुद्धीने प्रीती करायची म्हणजे काय? आम्हाला वाटते, जे देवाने केले आहे ते नीट पाहणे, आणि जे दिसले ते न लपवणे. थोमाला खुणा पाहायच्या होत्या. प्रभूने त्याला घराबाहेर काढले नाही, जवळ बोलावून हात पुढे केले. देवाचे सत्य इतके नाजूक नाही की एका अकरावीच्या मुलाच्या प्रश्नाने ते तडकेल. तडकते ती आमची भीती. आणि आम्ही कित्येकदा आपल्या भीतीलाच विश्वास समजून बसतो.

जुलैच्या एका संध्याकाळी आम्ही दोघे त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने चहा टाकला. तो आतून आला आणि दाराशी उभा राहिला. आम्ही त्याला म्हटले, "बाळ, त्या दिवशी आम्ही चुकलो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला येत नव्हतं, म्हणून आम्ही तुझ्यावरच ओरडलो. आम्हाला माफ कर." तो गडबडला. मोठ्यांनी माफी मागितली की मुलांना अवघड होते. मग आम्ही त्याला हिस्लॉप साहेबांची गोष्ट सांगितली, टाकळीच्या गोगलगाई, सीताबर्डीतले तळे, टाकळघाटचा नाला. ऐकता ऐकता तो खाली बसला. शेवटी विचारले, "ते पाळक होते? खरंच?" मग मोबाइल काढून त्याने घुघवाचे सगळे फोटो दाखवले. चहा निवून गेला.

तो लगेच दुसऱ्या रविवारी आला, असे लिहिले तर खोटे होईल. तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी आला, मागच्याच सतरंजीवर बसला, आणि वर्ग सुटल्यावर थांबून म्हणाला, "काकू, एक विचारू? ती तळी देवाने केली, गोगलगाई केल्या, आणि मग वरून लाव्हा का ओतला?"

यावेळी आम्ही घाई केली नाही. आम्ही म्हणालो, "आम्हाला माहीत नाही रे. पण हा प्रश्न ईयोबानेही विचारला होता. आपण मिळून वाचू." आता दर रविवारी वर्गानंतर आम्ही तिघे अर्धा तास बसतो. ईयोबाचा सातवा अध्याय चालू आहे. कधी कधी तो आमच्यापेक्षा बारकाईने वाचतो.

वाचकहो, तुमच्या मंडळीतही अशी मुले असतील. विज्ञान शिकणारी, मोबाइलवर शंभर गोष्टी ऐकणारी, रविवारी मागच्या रांगेत बसणारी. ती हात वर करतात तेव्हा आपण त्यांच्याजवळ थांबतो का? उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा. तेवढ्याने देवाचे राज्य कोसळत नाही. पण मुलाचा हात एकदा खाली गेला की पुन्हा वर यायला फार दिवस लागतात. आमच्या बाबतीत सहा महिने लागले, आणि तेही प्रभूची कृपा म्हणून.

४ सप्टेंबर जवळ आला आहे. त्या दिवशी आमच्या शब्बाथ शाळेची मुले गावाबाहेरून एकेक दगड वेचून आणणार आहेत. दगडात गोगलगाय सापडणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण वाकून बघण्याची सवय लागली तरी पुष्कळ.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, कातळ आणि तळी, गोगलगाई आणि माणसे, सगळे तुझे आहे. तुझे काम पाहायला आम्हाला डोळे दे आणि घाई न करण्याचा धीर दे. आमच्या भीतीमुळे ज्या लेकरांचे हात खाली गेले, त्यांच्या दारापर्यंत जाण्याचे धैर्य आम्हाला दे. तुझ्या लेकरांसाठी जे मागे थांबले आणि अंधारात नाल्यावर गेले, त्या तुझ्या सेवकाबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. येशूच्या नावाने मागतो. आमेन.